भिंत पुरी कधी होणार

माझ्याकडे येणारं प्रत्येक गिऱ्हाईक मोबाइलमध्ये एक फोटो घेऊन येतं. कुणाच्या तरी घरातली काँक्रीटची भिंत, समोर चामड्याची खुर्ची आणि खुर्चीत कुणीच नाही. "अगदी अशीच हवी," म्हणतात. साओ पावलोतल्या श्रीमंतांच्या दिवाणखान्यात काँक्रीट ओतणं हा माझा धंदा. त्यात केस पिकले, त्यामुळे समोरच्याला भिंत हवीय की नुसती शेजाऱ्याची जिरवायचीय, ते मला फोटोवरूनच कळतं. एवांद्रो किरीनो आला तेव्हा त्याच्याकडे फोटो नव्हता. मी कॉफी आणायला आत गेले आणि बाहेर येऊन बघते तर हा गृहस्थ खुर्ची सोडून माझ्या ऑफिसच्या भिंतीवर तळहात फिरवत उभा.

"ह्या लाकडाच्या गाठी आहेत ना, त्या दिसायला हव्यात," तो म्हणाला. "गुळगुळीत नकोय मला."

मी विचारलं, का? तर म्हणाला, आवडतं. पैसेवाल्यांच्या आवडीला कारण नसतं असं मी धरून चालते, म्हणून पुढे खोदलं नाही.

त्याचा धंदा कुरळ्या केसांच्या क्रीमचा. पहिली क्रीम त्याच्या आईने, दोना झुल्मीराने, ब्रासिलांदियाच्या टेकडीवरच्या गरीब वस्तीत, आपल्या स्वयंपाकघरात पातेल्यात घोटली होती. आता कारखाना झाला होता आणि इजिएनोपोलिसमध्ये झाडांच्या शेंड्यांना लागून असलेला हा मोठा फ्लॅटही. पण आई अजून टेकडीवरच होती. तिचे गुडघे गेले होते, आणि तिच्या दारापर्यंत पोचायला गल्लीतल्या इतक्या पायऱ्या होत्या की ती आठवड्यातून एकदाच खाली उतरायची. फ्लॅट घेतला तो तिच्यासाठीच. झाडांकडच्या खिडकीची खोली तिची. तिला शंभरदा विचारून झालं होतं, आणि तिचं उत्तर ठरलेलं असायचं, घर पुरं झालं की येते.

"ती आली नाही तर मला हे घर नकोच," एवांद्रो मला म्हणाला होता. मी ते कामाच्या घाईत ऐकलं आणि विसरले नाही.

भिंत जेवणाच्या खोलीत घ्यायची ठरली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. अशा भिंतीचं निम्मं काम काँक्रीटचं नसतंच, ते लाकडाचं असतं. काँक्रीट बिचारं आंधळं; फळी जे दाखवेल ते उचलतं. म्हणून मी आणि माझा सुतार ओझमार पाइनच्या फळ्या एकेक करून निवडत होतो. ज्या फळ्या दुसरे लोक खराब म्हणून बाजूला टाकतात त्या आम्ही घेतल्या, गाठीगाठींच्या, भोवऱ्याच्या. त्या गॅसच्या ज्योतीने वरवर जाळल्या आणि तारेच्या ब्रशने घासल्या, म्हणजे मऊ भाग झडतो आणि रेषा वर उठतात. मग सेंट्रिंग उभं केलं. माल सामानाच्या लिफ्टने वर चढवला, तोही सोसायटीच्या सेक्रेटरीची बोलणी खात. एकदा ओतायला लागलं की थांबता येत नाही. थांबलात तर तिथे आडवी रेघ पडते आणि ती जन्मभर तुमच्याकडे बघते.

फळ्या काढल्या त्या सकाळी मी या टोकापासून त्या टोकापर्यंत भिंतीवरून हात फिरवत गेले. इतक्या भिंती केल्या पण अशी उतरली नव्हती. रंग खाली गडद करडा, वर जाताना राखेसारखा फिका होत गेलेला, आणि त्यात लाकडाची प्रत्येक शीर. गाठींच्या भोवती रेषा वळून पुढे जात होत्या. सकाळचं ऊन तिरपं आलं की सगळी भिंत सावकाश हलल्यासारखी वाटायची. भिंतीने पाणी धरू नये म्हणून वरून तेलकट रोगणाचा एक हात फिरवला आणि एका मासिकाला फोटोसाठी बोलावणं केलं. माझं नाव होणार होतं, ते का लपवू?

त्याच आठवड्यात दोना झुल्मीरा घर बघायला आली. ठेंगणी बाई. इस्त्रीचा फुलाफुलांचा झगा, आणि हातात फडक्यात बांधलेला मक्याच्या पिठाचा केक. स्वयंपाकघर बघितलं, नळ सोडून बघितले, आपल्या खोलीतल्या खिडकीशी बराच वेळ उभी राहिली. झाडावर पोपट होते, ते तिला आवडले. मग ती जेवणाच्या खोलीत आली आणि भिंतीसमोर थांबली. मी मनातल्या मनात मान ताठ केली.

"छान आहे," ती अगदी सभ्यपणे म्हणाली. "ही पुरी कधी होणार?"

मी तोंड उघडणार तोच एवांद्रो म्हणाला, "होईल आई. लवकरच."

"मग झाली की कळव. मी येते," असं म्हणून तिने केक कापायला घेतला.

तिला गाडीत बसवून तो परत वर आला तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. लवकरच म्हणजे काय? काय करायचं राहिलंय ह्या भिंतीचं? त्याने मला ऐकून घेतलं आणि मग भिंतीला पाठ लावून खाली जमिनीवर बसला. म्हणाला, टेकडीवर लोक गिलावा झालेल्या घरालाच घर म्हणतात. स्लॅब टाकायला सगळी गल्ली धावते. बादल्या हातोहात वर जातात, दुपारी काळ्या घेवड्याचं मोठं पातेलं उतरतं. पण गिलाव्याला कुणी येत नाही, तो ज्याचा त्याने करायचा. त्याचे वडील आदेल्मो दर नाताळाला म्हणायचे, यंदा गिलावा करू. अंगणात वाळू आणून ठेवलेली असताना ते वारले. आई पहिल्यापासून रात्री हॉस्पिटलात फरशी पुसायला जायची. उघड्या विटा, डोक्यावर उघडा स्लॅब, आणि त्याची तिला इतकी लाज की कामावरच्या बायकांना तिने कधी घरी बोलावलं नाही.

"आणि तुला तेच हवंय," मी म्हटलं.

"मला तो स्लॅब हवाय," तो म्हणाला. "माझ्या खाटेवरचा. त्याला फळ्यांचे ठसे होते. मी त्यांच्याकडे बघत झोपायचो."

मग तो स्लॅब कुठे गेला तेही सांगितलं. धंद्याचे पहिले पैसे त्याने आईच्या हातात ठेवले, आणि तिने सगळ्यात आधी काय केलं, तर त्याच्या खोलीच्या छताला गिलावा. वर पांढरा रंग. तो घरी आला तेव्हा तिने त्याचे डोळे झाकून आत नेलं. तो म्हणाला, "छान झालंय, आई." दुसरं काय म्हणणार?

मी म्हटलं, अरे, मग हे तिला सांग की. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, हा काय प्रकार? तर म्हणाला, जी गोष्ट तिने रडून रडून बुजवली तीच मी हौसेने विकत घेतली, हे तिला कसं सांगू? तिला वाटेल मी तिच्या गरिबीची चेष्टा करतोय. मग ती कधीच यायची नाही.

पुढचे दोन महिने असेच गेले. दर रविवारी आई फोनवर विचारायची, भिंत झाली का, आणि हा म्हणायचा, होतेय. झाडांकडच्या खोलीत पलंग आला, पडदे आले, आणि खोली रिकामीच राहिली. एकदा आईने हळूच विचारलं म्हणे, पैशाची काही अडचण आहे का? त्याने नाही म्हटलं, आणि आईला कळलं की आहे. पोटच्या पोराच्या 'नाही'मागे काय आहे हे आयांना कळतंच, फक्त या वेळी चुकीचं कळलं.

मासिकाचा फोटोवाला यायच्या आदल्या दिवशी एवांद्रो रेसिफेहून परतणार होता. धूळ वगैरे बघावी म्हणून मी सकाळीच फ्लॅटवर गेले. दार उघडं होतं. आतून फट् फट् असा आवाज येत होता. तो आवाज मी झोपेतही ओळखेन, ओला माल भिंतीवर मारल्याचा.

जेवणाच्या खोलीत जमिनीवर वर्तमानपत्रं नीट पसरली होती. कागदी टोपी घातलेला एक म्हातारा थापीने माल भिरकावत होता आणि दोना झुल्मीरा त्याला बादली पुढे सरकवत होती. भिंतीच्या डाव्या कोपऱ्यात त्याने आधी छिन्नीने टोचे मारून घेतले होते, माल धरावा म्हणून. तिथून जवळजवळ निम्म्या भिंतीवर सिमेंटचे ओले शिंतोडे होते. माझ्या गाठी, माझे भोवरे, सगळं त्याखाली.

"या, या, दोना नादिया," ती म्हणाली. "बरं झालं आलात. हे सेउ वाल्दोमिरो, माझे कोंपाद्रे. एवांद्रोचे धर्मपिता. आमच्या टेकडीवरची निम्मी घरं ह्यांनीच गिलावलीत."

"ही भिंत माल धरत नाही," वाल्दोमिरोने तक्रार केली. "काहीतरी तेलकट फासलंय कुणीतरी."

ते मीच फासलं होतं. मला ओरडायचं होतं, पण मी दाराची चौकट धरून उभी राहिले. बाईच्या झग्यावर सिमेंट उडालं होतं. सुजलेल्या गुडघ्यांवर ती पहाटे सगळ्या पायऱ्या उतरून, बस बदलत, मग वाटेत घेतलेल्या वाळू-सिमेंटच्या पिशव्या टॅक्सीत घालून इथवर आली होती. मालकाची आई म्हटल्यावर खालच्या वॉचमनने किल्ली तर दिलीच, लिफ्टसुद्धा धरून ठेवली होती. तिने मला बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, तुमचा दोष नाही, माझ्या पोराचंच काहीतरी अडलं असेल, तो बोलत नाही. बाप असाच अडकून गेला. पोराची भिंत मी तशी राहू देणार नाही.

"त्याला परत उघड्या सिमेंटखाली राहावं लागलं तर मी जिवंत कशाला?" ती म्हणाली.

अशा बाईवर कुणी ओरडावं? मी खुर्चीत बसले. तिने मला भात, घेवडा आणि वर परतलेलं कसाव्याचं पीठ वाढलं. मी जेवले, आणि जेवता जेवता माझी सगळ्यात चांगली भिंत बुजताना बघत राहिले. आत काहीतरी तुटत होतं आणि घेवडा मात्र फार चवदार होता, दोन्ही खरं आहे.

मी एवांद्रोला फोन करत होते, पण त्याचा बंद होता. तो दुपारी बॅग ओढत थेट घरीच आला. खोलीच्या दारात आला, आणि भिंत, धर्मपिता, आई, मी, असं सगळं एकापाठोपाठ बघितलं. त्याचा चेहरा मी बघत होते. काही क्षण तो पोरका दिसला. मग त्याने बॅग खाली ठेवली, आईजवळ गेला आणि तिच्या कपाळावर ओठ टेकवून म्हणाला,

"छान झालंय, आई."

तिचा चेहरा उजळला. "संध्याकाळपर्यंत पुरी होते," ती म्हणाली. "मग मी येते राहायला."

झालं. त्याला जे हवं होतं ते समोर आलं होतं, आई येणार होती. किंमत एक भिंत, तीही त्याच्याच पैशांची. शहाण्या माणसाने तिथे गप्प बसावं. पण मला त्याचा तो चेहरा बघवला नाही, आणि शहाणपण माझ्यात कधी फारसं नव्हतं.

"खोटं बोलतोय तो, दोना झुल्मीरा," मी म्हटलं.

"नादिया," तो म्हणाला. "राहू दे."

"नाही राहू देत. तुम्ही त्याच्या खोलीचं छत गिलावलंत तेव्हाही तो हेच म्हणाला होता. ही भिंत पुरी झालेली आहे. दोन महिन्यांपूर्वीच झाली. त्याने मागून घेतलीय अशी."

वाल्दोमिरोचा हात थापीसकट हवेतच थांबला. दोना झुल्मीराने माझ्याकडे बघितलं नाही, मुलाकडे बघितलं. "मुद्दाम?" तिने विचारलं.

एवांद्रोने मानेनेच हो म्हटलं.

"का रे? तो स्लॅब तू विसरलास? मला तर अजून झोप लागत नाही. रात्री बसमध्ये बसले की मला एकच दिसायचं, वर ते काळं छत आणि खाली तू, बाबा गेल्यावर तर अगदीच एकटा."

"एकटा नव्हतो गं," तो म्हणाला.

मग तो सांगत गेला, खाली बघत, लहान मुलासारखा. ती कामाला निघाली की बाबा खाटेवर त्याच्याशेजारी आडवे व्हायचे. दिव्याच्या उजेडात वरचे फळ्यांचे ठसे दिसायचे. बाबा बोटाने दाखवायचे, ही आपल्या गावाकडची नदी. ही गाठ म्हणजे बैल, पाणी प्यायला आलाय. ती दोन भोकं म्हणजे तुझ्या आजीचं घर. रोज पुढचं काहीतरी सांगायचे. बैल कधी पुरात सापडायचा, कधी चोरीला जायचा. बाबा गेल्यावरही तो एकटा पडून त्या बैलाला पुढे पुढे नेत राहिला, मोठा होईपर्यंत.

"तुझ्या बाबांनी हे मला कधी सांगितलं नाही," ती म्हणाली.

"तू सकाळी दमून यायचीस."

तिने ओल्या शिंतोड्यांवर बोट टेकवलं. मग भिंतीकडे बघतच म्हणाली, "आणि मी तो बैल बुजवला."

"तू किती खूश होतीस तेव्हा."

"मी खूश होते कारण मला वाटलं माझं पोर सुटलं." तिचा आवाज तिथे फाटला आणि तिने झग्याच्या टोकाने तोंड पुसलं, तर सिमेंट गालाला लागलं. एवांद्रोने ते अंगठ्याने पुसून काढलं. मी खिडकीबाहेर बघितलं, कारण माझेही डोळे भरून आले होते आणि ते दाखवायची मला सवय नाही.

"कोमाद्रे," वाल्दोमिरो शेवटी म्हणाला, "माल आवळत चाललाय. मारायचा की टाकायचा, तेवढं सांगा."

"टाका," ती म्हणाली. "आणि पाणी आणा."

एवांद्रो नको नको म्हणत होता. राहू दे आई, पुरी करून टाकू, मला चालेल, असं काय काय बोलला. तिने त्याला एकच सांगितलं, तुला आजवर फार चाललं, आता पुरे. आणि गुडघ्यांची पर्वा न करता ब्रश घेऊन भिंतीशी जाऊन बसली. मग काय, आम्ही सगळेच लागलो. मी बूट काढले, वाल्दोमिरोने टोपी. तो माझ्या तेलकट हाताला दिवसभर शिव्या घालत होता, पण त्याच हातामुळे माल सुटून येत होता. माझे ब्रश मऊ होते, तिचा हात जड. दोनदा मी तिला ओरडले, जरा हळू, आणि दोनदा तिने मला ऐकवलं की फरशा घासायला मी हॉस्पिटलात शिकलेय, तुम्ही तुमचं बघा.

उजेड पिवळा होईपर्यंत बरीचशी भिंत वर आली होती. पण आधीसारखी नव्हती. शिरांच्या आत सिमेंटची राख बसून राहिली होती, ती आता निघायची नाही. डाव्या कोपऱ्यातले छिन्नीचे टोचे तर माझ्या काळजावरच मारल्यासारखे होते. मी मासिकाला फोन केला आणि उद्या येऊ नका म्हणून सांगितलं. कारण विचारलं, तर म्हटलं, घरातली माणसं घरात राहायला आलीत. ते मला नंतर पटलं, तेव्हा नुसतं सुचलं होतं.

दोना झुल्मीराने जेवणाची खुर्ची ओढून भिंतीसमोर मांडली आणि बसली. ओले पाय पुढे सोडले.

"हं," ती म्हणाली. "दाखव."

एवांद्रो तिच्या मागे उभा राहिला. तिच्या खांद्यावरून हात पुढे करून त्याने एक रेघ दाखवली, मग तिच्या वळणावरची गाठ. हे इथे बघ, म्हणाला, हा माणूस आहे, ह्याच्या पाठीवर काहीतरी आहे. तिने मान इकडून तिकडे करून बघितलं. खूप वेळ बघितलं. मला तर तिथे माणूस दिसत नव्हता, आणि ती भिंत मी केलीय.

"मला नाही दिसत," ती म्हणाली. "ओलं लाकूड दिसतंय नुसतं."

"बाबा म्हणायचे, पहिल्या दिवशी कुणालाच दिसत नाही."

 ती खुर्चीतून तशीच मागे वळली. वाल्दोमिरो दारात आपल्या थाप्या पिशवीत भरत होता.

"कोंपाद्रे," ती त्याला म्हणाली, "टेकडीवर गेलात की माझी कपड्यांची पिशवी द्या पाठवून. आणि कोंबड्या शेजारणीकडे सोडा."